फुकट मोटारतळाचा बोजा कोणावर?

मुंबई-पुण्यांत मोटार उभी करण्याच्या जागेस भाडें घ्यावें कीं घेऊं नये, हा वाद पैसेवाल्यांचा. आम्हां नाटे गांवच्या शेतकऱ्यांस त्याचें काय, असें आमच्या कांहीं बंधूंस वाटेल. परंतु कोंकणांतील कित्येक घरांची चूल मुंबईच्या पगारावर पेटते, आणि त्या फुकट जागेचें भाडें आपलींच मुलें भरीत आहेत.

हिशेब साधा आहे. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व साडेपांच मीटर लांब, म्हणजे सुमारें १४८ चौरस फूट जागा लागते. गिरणी कामगारांस व त्यांच्या वारसांस मुंबईंत मिळालेलीं कित्येक घरें २२५ चौरस फुटांचीं आहेत. ज्यांनीं जन्मभर साचे चालविले, त्यांनीं हीं घरें मोल देऊन घेतलीं. मोटारवाला मात्र त्याच्या दोनतृतीयांश जागा बहुतेक रस्त्यांवर फुकट अडवितो! आठवडे बाजारांत मासळीची पाटी घेऊन बसणारी बाईदेखील दोन हात जागेची पावती फाडते.

इमारतींत नियमानें ठेवाव्या लागणाऱ्या मोटारतळाचा खर्च घराच्या किंमतींत, दुकानाच्या भाड्यांत व अखेर मालाच्या दरांत मिसळतो. लोकलनें येणारा हमालही तो भरतो. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्चिला जातो, हें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. रूप बदललें, रीत तीच.

अमेरिकेंतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालच्या ग्रंथांत उपाय सांगितला: प्रत्येक रस्त्यावर एकदोन जागा मोकळ्या राहतील असा गर्दीप्रमाणें दर ठेवावा, व तो पैसा त्याच वस्तीच्या सुधारणेस लावावा. पुणें महापालिकेनें मार्च २०१८ मध्यें दर घेण्याचें धोरण मंजूर केलें. पण ओरड होतांच तें पांच रस्त्यांपुरतें आंखडलें आणि वर्षानुवर्षें कागदावरच राहिलें.

दरानें गरीब मरेल, अशी हाकाटी होते. आमचें उत्तर असें कीं, दर अडविलेल्या जागेप्रमाणें असावा: दुचाकीस थोडा, मोठ्या मोटारीस भरपूर, अपंगांस माफ, रिक्षाच्या थांब्यास हात लावूं नये. पैसा ठेकेदाराच्या खिशांत न जातां बसगाड्यांवर व पायवाटांवर लागावा, आणि त्याचा हिशेब दरमहा वॉर्डांत फळ्यावर लागावा. हिशेब नसेल तर दर म्हणजे नवी लूटच.

शहरांतील बंधूंनो, नगरसेवक मत मागण्यास येईल तेव्हां त्यास एवढेंच विचारा: पाटीची पावती फाडतां, मग मोटारीची कां नाहीं?