तांदूळ आणि रबर

आमच्या समाजांत सोयरीक आधीं जुळते आणि देण्याघेण्याचा व्यवहार मागाहून सुरू होतो. निदान तसें बोलण्याची रीत आहे. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आणि चीन यांचें अगदीं उलट झालें. तांदूळ व रबर यांच्या अदलाबदलीचा करार उभयतांनीं १९५२ च्या डिसेंबरांत केला. एकमेकांकडे राजदूत धाडण्याचें ठरलें तें १९५७ सालीं.

सिलोनांत चहा, रबर, नारळ यांचे मळे विस्तीर्ण. पोटापुरता तांदूळ मात्र पिकत नसे. कोरियांतील युद्धामुळें रबराचा भाव प्रथम भडकला, पुढें कोसळला, आणि त्याच सुमारास तांदूळ दुर्मिळ होऊन बसला. विकावयाचें तें स्वस्त, घ्यावयाचें तें महाग. अशा स्थितींत गृहिणीची काय ओढाताण होते तें वाचकांस सांगावयास नको. चीनला रबर हवें होतें. परंतु युद्धोपयोगी माल चीनला देऊं नये असा संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव मे १९५१ मध्येंच झाला होता. सिलोन तेव्हां संघाचें सभासदही नव्हतें.

पंतप्रधान डडली सेनानायके यांचा पक्ष कम्युनिस्टांचा कट्टा विरोधक. तरीही त्यांचे चुलतबंधु व व्यापारमंत्री आर. जी. सेनानायके पेकिंगला गेले. पांच वर्षेंपर्यंत दरसाल चीननें २,७०,००० टन तांदूळ द्यावा व ५०,००० टन रबर न्यावें, तेंही बाजारभावाहून चढ्या दरानें, असें ठरलें. अमेरिकेचा रोष व्हावयाचा तो झाला. तिची आर्थिक मदत १९५६ पर्यंत मिळाली नाहीं. कोणी यास तत्त्वच्युति म्हणतील. आम्हीं म्हणणार नाहीं. कौटिल्यानें द्वैधीभाव सांगितला आहे, एकाशीं संधि आणि दुसऱ्याशीं विग्रह. येथें तर विग्रह कोणाशींच करावयाचा नव्हता, चूल तेवढी पेटती ठेवावयाची होती.

पण एवढ्यानें भागलें नाहीं. सरकारी खजिन्यास झेपेना म्हणून जुलै १९५३ मध्यें शिधापत्रिकेवरील तांदळाचा दर मापास २५ सेंटांवरून एकदम ७० सेंट केला. १२ ऑगस्टला देशभर हरताळ पडला, गोळीबारांत माणसें मेलीं, आणि मंत्रिमंडळाची बैठक कोलंबोच्या बंदरांतील ब्रिटिश युद्धनौकेवर भरवावी लागली! ऑक्टोबरांत डडली यांनीं राजीनामा दिला.

करार मात्र दर पांच वर्षांनीं नवा होत १९८२ पर्यंत टिकला. तेवढ्या अवधींत कोलंबोस किती सरकारें आलीं नि गेलीं. तांदळाचीं जहाजें येतच राहिलीं.