नवा ब्रेक आणि जुनी पाणंद

शेतीच्या कामासाठीं चारही चाकांस जोर देणारी मोटार बाळगणें ही गोष्ट आतां आपल्या भागांत नवलाची राहिलेली नाहीं. सन २०२० सालीं आलेली नवी थार किंवा २०२३ सालीं आलेली जिम्नी कळंब्यास व गारगोटी रस्त्यावरील इतर गांवांत घरांपुढें उभी दिसते. औषधाचे डबे, ठिबकच्या नळ्या, खताच्या पिशव्या घेऊन ती पाणंदींतून मळ्यांत जाते. तिच्या अंगच्या जोराविषयीं मालक हौसेनें बोलतात. ती थांबते कशी, याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीस चाक जाम होऊं न देणारा ब्रेक सक्तीचा झाला आहे. त्यासच सर्वत्र एबीएस म्हणतात. आजच्या स्वरूपांतील ही युक्ति जर्मनींतील बॉश कारखान्यानें सन १९७८ सालीं मर्सिडीज मोटारींतून बाजारांत आणली. प्रत्येक चाकापाशीं त्याचे फेरे मोजणारा एक सेन्सर असतो. ब्रेक दाबतांच एखादें चाक एकाएकीं जाम होऊं लागलें, तर यंत्र त्या चाकावरील दाब क्षणभर सोडतें व पुन्हां धरतें. हा प्रकार एका सेकंदांत अनेक वेळां घडतो. त्यामुळें चाक फिरत राहतें, आणि फिरतें चाकच स्टिअरिंगचें ऐकतें. पावसानें ओल्या झालेल्या डांबरी रस्त्यावर ह्या युक्तीनें गाडी घसरत न जातां चालकास ती बाजूस वळवितां येते. तिचे हे उपकार कोणीही नाकारूं नयेत.

परंतु डांबरावर जें हिताचें, तें सैल मुरमावरही तसेंच हिताचें असेल असें मात्र नाहीं. जाम झालेलें चाक मुरमांत किंवा खडींत नांगराच्या फाळाप्रमाणें रुततें, त्याच्यापुढें मातीचा ढीग साठतो, आणि बैलगाडीच्या चाकास उटी लावावी त्याप्रमाणें तो ढीगच गाडीस अडवितो. नवा ब्रेक चाकास जाम होऊंच देत नाहीं. मग उटी लागावी कशी? अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्यानें सन १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचण्यांत बहुतेक पृष्ठभागांवर ह्या ब्रेकनें थांबण्याचें अंतर कमी झालें, पण सैल खडीवर तें सरासरीनें सुमारें २७ टक्क्यांनीं वाढलें. म्हणजे जेथें साधी गाडी चाळीस फुटांत थांबली असती, तेथें ही सुमारें पन्नास फूट घेणार. खांचखळग्यांवरून चाकें उड्या घेत असतील, तर अधांतरीं झालेलें चाक तत्काळ जाम होतें, यंत्रास वाटतें कीं रस्ता निसरडा आहे, आणि तें दाब सोडतें. पायाखालीं पेडल थरथरतें व गाडी मात्र पुढेंच जाते. ह्यांत यंत्राचा बिघाड नाहीं. ज्या रस्त्यासाठीं तें घडविलें, तो हा रस्ता नव्हे, इतकेंच.

कोणी म्हणेल, अंतर थोडें वाढलें तरी गाडी वळवितां येते, हा लाभ कांहीं लहान नाहीं. डांबरी रस्त्यावर हें म्हणणें अगदीं खरें आहे. परंतु पाणंदींत वळवावयाचें कोठें? महसूल खात्यांत कारकुनी करतांना पुष्कळ गांवनकाशे माझ्या हाताखालून गेले. त्यांत गाडीमार्ग तुटक दुबार रेषेनें दाखविलेला असतो व त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. पायमार्ग एका तुटक रेषेनें दाखवितात व त्याची रुंदी सव्वाआठ फूट. नकाशांतील गाडीमार्ग जागेवर किती उरला आहे, हें बांध कोरणारांस व ज्यांचे बांध कोरले गेले त्यांस ठाऊकच आहे. थारसारखी गाडी अंगानें सुमारें सहा फूट रुंद असते. सव्वाआठ फुटांच्या वाटेवर ती आली, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सव्वादोन फूट उरतात. एका बाजूस उसाची सरी, दुसऱ्या बाजूस चर, आणि समोरून वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेली बाई. अशा ठिकाणीं गाडी वळविण्याच्या गुणाचा उपयोग नाहीं, थांबण्याचाच आहे. म्हणजे हा ब्रेक जें देतो, तें पाणंदींत घेतां येत नाहीं, आणि त्याच्या मोबदल्यांत जें अंतर वाढवितो, तें मात्र द्यावेंच लागतें.

ह्यावर कांहीं मंडळी फ्यूज काढून ब्रेकचें हें यंत्रच बंद ठेवण्याचा उपाय सुचवितात. माझ्या मतें हा उपाय रोगाहून वाईट आहे. तीच गाडी संध्याकाळीं मुलाबाळांसह ओल्या गारगोटी रस्त्यावर येते. तेव्हां फ्यूज पुन्हां बसविण्याची आठवण राहीलच, असें नाहीं. शिवाय बहुतेक वाहनांत पुढील व मागील चाकांमध्यें ब्रेकचा जोर वांटून देण्याचें कामही तेंच यंत्र करतें. काळ्या रानांतील लोण्यासारख्या चिखलावर तर चाक जाम होऊन कांहींच साधत नाहीं. तेथें फिरतें चाकच बरें.

खरा उपाय चालकाच्या हातीं आहे. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर चौपट होतें. म्हणून वेग निम्मा केला, तर वाढलेल्या सत्तावीस टक्क्यांची भरपाई होऊन कितीतरी शिल्लक उरते. उतार लागण्यापूर्वींच गाडी उभी करून फोर-लो घालावा, पहिला गिअर टाकावा आणि क्लचवरील पाय काढून घ्यावा. मग इंजिनच चारही चाकांस सारखें आवरतें व ब्रेकचें काम थोडेंच राहतें. कोरडा पक्का रस्ता येतांच फोर-लो काढावा. ब्रेक दाबावयाचाच झाला, तर एकदां घट्ट दाबून धरावा; जुन्या जीपप्रमाणें वारंवार दाबूं-सोडूं नये व पेडल थरथरलें म्हणून पाय उचलूं नये. चिखलांतून आल्यावर चाकांच्या आंतील बाजू धुवाव्यात, कारण सेन्सरवर माती बसली तर यंत्र चुकूं शकतें.

तथापि सर्व भार चालकावर टाकून कारखानदारांस मोकळें सोडणें न्यायाचें होणार नाहीं. लँड रोव्हर कारखान्यानें सन २००४ पासून खडी, चिखल व वाळू यांप्रमाणें ब्रेकचें वागणें बदलणारी योजना आपल्या मोटारींत दिली. आपल्याकडे हिमालयन मोटारसायकलीस सन २०२० पासून मागील चाकाचा एबीएस बंद करण्याची सोय मिळाली. मग शेतकऱ्यास विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोर-लो असलेल्या मोटारींत, तो गिअर घालतांच मंद वेगांत चाकास थोडें अधिक रुतूं देणारी व फोर-लो काढतांच आपोआप मिटणारी योजना कां असूं नये? निदान विक्रेत्यानें गाडीची किल्ली हातीं देतांना ही गोष्ट मराठींत सांगावी.

आणि आपल्या मंडळानेंही एक काम करावें. पावसाळ्यापूर्वीं एखाद्या मोकळ्या मुरमाड माळावर चुन्याची रेघ मारावी, प्रत्येक मालकानें आपलीच गाडी ताशीं वीस व मग चाळीस किलोमीटर वेगानें आणून त्या रेघेवर ब्रेक दाबावा, आणि गाडी कोठें थांबली तें टेपनें मोजावें. ह्या कामास खर्च नाहीं, पुढाऱ्याची गरज नाहीं. जो आंकडा प्रत्येकाच्या पदरीं पडेल, तो त्यानें पाणंदींत शिरतांना लक्षांत ठेवावा. त्या वाटेनें चालणारीं माणसें बहुतेक आपल्याच शेतावर राबावयास आलेलीं असतात.