चितेगावचे वृद्ध आणि काचबिंदूचे भय

पैठण रस्त्यावरील चितेगावचे नाव देशभर पोहोचले ते दूरदर्शन संचांमुळे. चौदाव्या किलोमीटरचा दगड हाच व्हिडिओकॉन कंपनीचा नोंदणीकृत पत्ता होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. या पट्ट्यात तरुणपणी कामाला लागलेली पहिली पिढी आता साठीच्या घरात पोहोचली आहे आणि काचबिंदू हा याच वयाचा मुका शत्रू होय.

मोतीबिंदूने आपल्या समाजाला एक घातक सवय लावली आहे. बिंदू ‘पिकू’ द्यावा, मग काढावा! काचबिंदू पिकत नाही व काढताही येत नाही. डोळ्यातील दाबाने दृष्टीची नस झिजते, प्रथम कडेचे दिसेनासे होते, आणि दुखत काहीच नसल्याने रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंबांनी वा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखता येते. मात्र वेळीच निदान होऊन उपचार अखंड चालले, तर बहुतेकांची कामापुरती नजर अखेरपर्यंत टिकते.

तरीही वृद्ध रुग्ण भीतीने खचतो, आणि त्याच्या भीतीला अडाणीपणा म्हणून हसण्याची सुशिक्षितांची रीत आहे. ही रीत निर्दय आहे. सधन रुग्णालाही भय असते. परंतु तो ठरलेल्या मुदतीने दाब व दृष्टिक्षेत्र तपासून घेतो आणि रोग कोठे थांबला आहे हे त्याला कळते. निवृत्त कामगाराच्या भयाला असे माप नाही. आजची अंधुकता रोगाची की संध्याकाळची, हे त्याने कोणास विचारावे? कोणी थेंब पुरवून पुरवून घालतो, कोणी वाईट ऐकावे लागेल म्हणून तपासणीच टाळतो. मुलांवर ओझे नको म्हणून आजार लपवतो, आणि रक्ताच्या नात्यात धोका अधिक असल्याने तपासणी ज्यांनी आधी करावी ती मुलेच अंधारात राहतात.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. श्रावणबाळ योजनेचे साहाय्य २०२३ साली १,५०० झाले. धान्य, भाडे आणि जन्मभराचे थेंब यांतून कसे भागवावयाचे?

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. मोतीबिंदूच्या लक्षावधी शस्त्रक्रिया त्यातून झाल्या, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण शस्त्रक्रिया मोजता येते, शिबिराचे छायाचित्र निघते. न आलेल्या अंधत्वाचे छायाचित्र कोण काढणार? काचबिंदू मागे पडतो तो येथेच.

पैठण तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी डोळ्यांचा दाब मोजला जावा, थेंब एकदम तीन महिन्यांचे व विनामूल्य मिळावेत, दृष्टिक्षेत्राच्या तपासणीसाठी शहरात जाणाऱ्या वृद्धास प्रवासखर्च द्यावा. आणि निवेदन देण्यापूर्वी चितेगावात घरोघर फिरून चाळिशीपुढील माणसांची यादी करावी. काचबिंदू झालेल्यांच्या भावंडांची नावे त्या यादीत सर्वांत वर असावीत.