पागेराचे शिसे घरात वितळवू नका

शापोरा आणि तेरेखोल नदीत पागेर मारणाऱ्या, गरी टाकणाऱ्या घरांसाठी हे लिहितोय. शिसे ३२७ अंशाला वितळते, म्हणून चुलीवरही वजने ओतता येतात. पण त्याची विषारी भुकटी घरातच राहते आणि सगळ्यात आधी बाधते ती लहान मुलांच्या मेंदूला. दाताने शिसे दाबून दोरीला बसवणे तर आजच सोडा. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले म्हणून १९८७ पासून गरीच्या छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. आपल्याकडे तर पोरांचा प्रश्न आहे. गरीला लोखंडी नट चालतो. पागेराला लोखंड हलके पडते, गंजतेही, हे मान्य. मग तयार वजने विकत घ्या. चार पैसे जास्त जाऊ देत, पण घरात शिसे वितळवणे नको.