कृत्रिम गुडघ्याची मुदत

भंडाऱ्याच्या बाजारपेठेत गादीवर मांडी घालून ज्यांनी आयुष्यभर व्यापार केला, त्यांच्या घरी उतारवयात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतोच. नागपूरला जाऊन सांधा बसवायचे ठरते आणि व्यापारी मन पहिला प्रश्न विचारते तो मुदतीचा: हा टिकेल किती वर्षे?

याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. अर्धवट बदललेल्यांत हे प्रमाण सुमारे ७० आहे.

मात्र सरासरीवर विसंबून सौदा करू नये. धातूखालचे प्लॅस्टिक झिजते, त्याच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालचे हाड क्षीण होते आणि सांधा सैल पडतो. जंतुसंसर्ग झाला तर मुदतीचा हिशेबच उरत नाही. ही झीज वर्षांपेक्षा वापराने वाढते. म्हणून सांध्याच्या वयाइतकेच रुग्णाचे वय महत्त्वाचे. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढे ती पुन्हा करावी लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आढळली. पन्नाशीच्या आरंभीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ मध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा ते पंचाहत्तरी गाठून होते. त्या वयात सांधा बहुधा माणसाला पुरून उरतो. पंचावन्नाव्या वर्षी, केवळ मुलाच्या लग्नाआधी उरकून घ्यावे म्हणून घाई करणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा. वजन उतरवणे आणि व्यायाम यांनी काही वर्षे निभावत असतील, तर ती वर्षे निव्वळ नफ्याची आहेत.

दुसरी शस्त्रक्रिया अवघड, आणि महागही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये ठरले, तर फेरशस्त्रक्रियेच्या सांध्यासाठी १,१३,९५० रुपये. दोन्हींवर जीएसटी वेगळा. त्याच आदेशाने रुग्णालयाला बिलात सांध्याची किंमत, कंपनी व बॅच क्रमांक स्वतंत्र दाखवणे बंधनकारक केले. दुकानाची जुनी बिले वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या घरांतही हे बिल मात्र विम्याचा दावा मंजूर झाला की हरवते. ते ठेवींच्या पावत्यांबरोबर ठेवावे. पंधरा वर्षांनी गुडघा उघडण्याची वेळ आलीच, तर आत कोणता सांधा आहे, हे नव्या शल्यचिकित्सकाला त्यावरून कळेल.