बाई टिकल्या की भाजी टिकली?

परवा फ्रीज साफ करायला घेतला, तर तळच्या कप्प्यात लेट्यूसचा गड्डा निघाला. पाहुणे येणार म्हणून हौसेनं आणलेला. पाहुणे आले, पुरणपोळी खाऊन गेले, पण या विलायती पाल्याला कोणी हात लावला नाही. दहा दिवस झाले होते, तरी वरची दोन पानं सोडली तर आतून चांगला कुरकुरीत होता. (कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवला की टिकतो हो, ओला मात्र ठेवू नका.) तो हातात घेतला आणि मला एकदम लिझ ट्रसबाई आठवल्या. आमचे हे म्हणाले, "भाजी बघून पंतप्रधान आठवणारी तूच एक!" पण मैत्रिणींनो, यात माझा काही दोष नाही. ही तुलना विलायतेतल्या वर्तमानपत्रांनीच केली होती.

२०२२ सालची गोष्ट. बोरिस जॉन्सनसाहेबांना त्यांच्याच हुजूर पक्षानं पायउतार व्हायला लावलं. टाळेबंदीत सगळ्या देशाला घरात कोंडून ठेवून स्वतःच्या सरकारी घरात वाढदिवस साजरा केला, म्हणून पोलिसांनी त्यांना दंड केला होता, आणि इतर भानगडीही होत्याच. ते रामायण पुन्हा कधीतरी. आता त्यांच्या जागी कोण? देशभर मतदान झालंच नाही. पक्षाच्या सभासदांनी घरबसल्या मतं दिली, त्यातली ८१,३२६ ट्रसबाईंना मिळाली, आणि तेवढ्यावर साडेसहा कोटींहून जास्त माणसांच्या घराच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला आल्या.

बाईंचं दैवत म्हणजे मार्गारेट थॅचर. २०२१ साली एस्टोनियात रणगाड्यावर उभं राहून त्यांनी फोटोसुद्धा थॅचरबाईंसारखाच काढून घेतला होता. आता थॅचरबाई पटोत न पटोत (मला फारशा पटत नाहीत), पण त्या ग्रँथममधल्या किराणा दुकानदाराच्या लेक होत्या. जिला घर चालवायचं कळतं तिला देश चालवण्यातल्या अडचणीही कळू लागतात, असं त्या म्हणत. ट्रसबाईंनी रणगाडा उचलला, दुकानातली हिशेबाची वही काही उचलली नाही.

६ सप्टेंबरला राणीनं बाईंची नेमणूक केली आणि ८ तारखेला राणीच वारली. दहा-बारा दिवस सगळं बंद. मात्र त्या आधीच एक काम उरकलं होतं. अर्थखात्यातले सर्वांत वरचे अधिकारी टॉम स्कॉलर यांना घरी पाठवलं होतं. नवी सून आली आणि पहिल्या आठवड्यात तिनं तीस वर्षांच्या दिवाणजीला काढून टाकलं तर आपण काय म्हणू?

मग २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी 'मिनी बजेट' मांडलं. नाव मिनी, पण करसवलती सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या! वर्षाला दीड लाख पौंडांच्या वर ज्यांची मिळकत त्यांचा ४५ टक्क्यांचा कर थेट ४० वर. बरं, हे पैसे भरून कसे काढणार? तर कर्ज काढून. सरकारच्या हिशेबावर नजर ठेवायला तिकडे एक स्वतंत्र कार्यालय आहे, त्याचा अंदाजही सोबत छापला नाही. महागाई तेव्हा १० टक्क्यांवर गेलेली. डब्यात पैसे किती आहेत ते न बघता, वाण्याचं आधीचं बिल थकलेलं असताना, थोरल्या घरच्या श्रीमंत दिराला आहेर करायचा, असा हा प्रकार. आपल्यातल्या कोणी असं केलं असतं तर सासूबाईंनी मरेपर्यंत बोलून दाखवलं असतं.

विलायतेत सासूबाईंच्या जागी बाजार होता. तो तोंडानं बोलत नाही, भाव बोलतात. पुढच्याच सोमवारी पौंड डॉलरपुढे इतका घसरला की त्याआधी कधीच एवढा खाली गेला नव्हता. सरकार रोखे विकून कर्ज घेतं. हे घर उधारी कशी फेडणार, असा वाण्याला संशय आला की तो एक तर उधारी बंद करतो, नाहीतर भाव चढवून लावतो. तसंच झालं, सरकारच्या कर्जाचं व्याज चढलं. पेन्शनचे पैसे सांभाळणारे फंड इतके अडचणीत आले की २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला स्वतः बाजारात उतरून रोखे विकत घ्यावे लागले.

इथवर सगळं बड्या लोकांचं. पण सरकारला मिळणाऱ्या दराशीच बँकांच्या घरकर्जाचा दर बांधलेला असतो, आणि इथं आमची भाची आली.

भाची आणि जावई लंडनजवळ राहतात. तिकडची एक रीत आपल्याला ठाऊक नसते. कर्ज पंचवीस वर्षांचं असलं तरी व्याजाचा दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच पक्का असतो. मुदत सरली की पुन्हा बाजारभावानं नवा करार. भाचीची दोन वर्षं संपत होती नेमकी त्याच नोव्हेंबरात. दोन लाख पौंडांचं कर्ज, जुना दर दोन टक्क्यांच्या आसपास, हप्ता साधारण ८५० पौंड. दर वाढणार हे तिला माहीतच होतं, कारण युक्रेनच्या युद्धापासून सगळीकडेच वाढत होते. सगळं खापर ट्रसबाईंच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. मिनी बजेटच्या दिवशी दोन वर्षांच्या करारांचा सरासरी दर पावणेपाच टक्क्यांच्या जवळ होता. त्या हिशेबानं तिचा हप्ता १,१४० पौंड झाला असता, तेवढी तयारी तिनं ठेवली होती. पण २० ऑक्टोबरला तोच सरासरी दर साडेसहाच्या वर गेला. म्हणजे हप्ता सुमारे १,३७०. चार आठवड्यांत महिन्याला २३० पौंड वाढले! मधल्या दिवसांत तर बँकांनी कर्जयोजनाच भराभर मागे घेतल्या. "मावशी, सकाळी बघितलेला दर संध्याकाळी विचारायला गेलं तर नसतो," असं ती फोनवर सांगत होती, आणि मागून धाकटा दूध मागत रडत होता.

तिकडे डाउनिंग स्ट्रीटवर मात्र तमाशा रंगला होता. श्रीमंतांची सवलत ३ ऑक्टोबरला मागे. १४ तारखेला क्वार्टेंगना वॉशिंग्टनमधल्या बैठकीतून घाईघाईनं बोलावून घेतलं आणि आल्या आल्या हातात नारळ दिला. जुलैपासून मोजलं तर त्यांच्या जागी आलेले जेरेमी हंट हे चौथे अर्थमंत्री. त्यांनी १७ तारखेला जवळजवळ सगळं मिनी बजेट रद्द करून टाकलं.

आता ती भाजी. 'इकॉनॉमिस्ट'नं हिशेब केला होता की दुखवट्याचे दिवस वजा केले तर बाईंच्या हातात कारभार जेमतेम आठवडाभर होता, लेट्यूस टिकतो तेवढाच. ते वाचून 'डेली स्टार'नं ६० पेन्सचा एक गड्डा आणला, त्याला डोळे चिकटवले, टोप घातला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवला. आधी कोण जातं बघू! २० ऑक्टोबरला बाईंनी राजीनामा जाहीर केला. गड्डा मलूल झाला होता, पण होता. बाईंचा कारभार एकूण ४९ दिवसांचा. डाउनिंग स्ट्रीटवरचा लॅरी बोका २०११ पासून तिथं आहे, त्यानं २०२४ पर्यंत सहा पंतप्रधान पाहिले. त्याची नोकरी पक्की.

लेट्यूसवर मीही पोटभर हसले. पुढचं वाचलं तेव्हा हसू थांबलं. माजी पंतप्रधानांना कार्यालय आणि सेक्रेटरी यांच्या खर्चापोटी वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत भरपाई मागता येते. थॅचरबाई गेल्यानंतर १९९१ मध्ये ही सोय सुरू झाली. अकरा वर्षं कारभार केलेल्यांना आणि ४९ दिवसवाल्यांना मर्यादा एकच. हा पगार नव्हे, खर्च दाखवावा लागतो, हे खरं. पण भाचीच्या वाढीव हप्त्याचा खर्च कोणाला दाखवायचा?

२०२४ च्या जुलैमध्ये ट्रसबाई स्वतःच्या मतदारसंघात ६३० मतांनी पडल्या. ऑगस्टमध्ये त्यांचं कुठं तरी भाषण चालू असताना पाठीमागून हळूच एक फलक खाली आला. त्यावर डोळेवाला लेट्यूस, आणि अर्थव्यवस्था मी बुडवली, अशा अर्थाचे शब्द. समोरची माणसं बघून बाईंनी मागे वळून पाहिलं, यात गंमत काही नाही म्हणाल्या आणि उठून गेल्या.

तो व्हिडिओ मी भाचीला पाठवला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, "आत्ता बघितला मावशी. शनिवारची पण नोकरी धरली आहे ना, वेळच होत नाही."