व्हॅन एकच, नावे अनेक

‘गाडी कुठल्या मॉडेलची?’ असे विचारले की आपल्याकडे उत्तर येते, ‘अठ्ठ्याण्णवची.’ मॉडेल म्हणजे साल! परदेशी माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. पण व्हॅनच्या नावांचा घोळ पाहिला, तर ही आपली रीतच शहाणपणाची ठरते.

साठ-सत्तरच्या दशकांत तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करीत हिप्पी मंडळी दिल्लीला येत. त्यांतल्या काहींचे घर म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ही वाट बंद पडली. या गाडीला कोणी कोंबी म्हणे, जर्मन लोक लाडाने ‘बुली’ म्हणत, तर कोणी ‘वेस्टफालिया’. हे शेवटचे नाव खरे तर गाडीत बिछाना-कपाटे बसवून देणाऱ्या कंपनीचे!

कारखान्याच्या हिशेबात बीटल मोटार ‘टाइप 1’, म्हणून 1950 साली आलेली व्हॅन ‘टाइप 2’. पुढे तिच्या पिढ्या मोजताना 1967 पर्यंतची टी-1, नंतरची टी-2, 1979 पासूनची टी-3 असे नाव पडले. म्हणजे टाइप 2 हे सगळ्या घराण्याचे आडनाव आणि टी-2 हे फक्त दुसऱ्या पिढीचे. शिवाय टी-3 ला अमेरिकेत ‘व्हॅनागन’ हे तिसरेच नाव. जुन्या गाडीचे सुटे भाग मागवणारा इथे हमखास फसतो.

दिल्लीच्या वेशीवरचा घोळ याहून कमी नाही. गुडगावच्या मारुती कारखान्यातून 1984 साली व्हॅन बाहेर पडली, तेव्हा तिचे नाव नुसते ‘मारुती व्हॅन’. इंजिन मारुती 800 चेच, 796 सीसीचे. 1988 मध्ये तिचे बारसे पुन्हा झाले आणि ती ‘ओम्नी’ झाली. लोकांनी मात्र जुने नाव सोडले नाही. शाळेची व्हॅन, व्हॅनवाले काका, रुग्णवाहिका, आणि हिंदी चित्रपटांतले अपहरण; सगळीकडे ती ‘मारुती व्हॅन’च राहिली. (बारसे तिचे एकटीचेच झाले असे नाही. कंपनी 2007 मध्ये मारुती उद्योगची मारुती सुझुकी झाली आणि 2016 मध्ये गुडगावचे गुरुग्राम.)

2001 मध्ये मोठी ‘व्हर्सा’ आली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन असूनही ती फारशी चालली नाही. 2010 मध्ये तिच्याच सांगाड्यावर, साधी आणि स्वस्त करून ‘ईको’ काढली. ती मात्र घरोघर गेली. म्हणजे ओम्नीच्या वेळी गाडी तीच, नाव बदलले. ईकोच्या वेळी सांगाडा तोच, नाव नवे. 2022 मध्ये तर ईकोचे इंजिन बदलले आणि नाव तेच ठेवले! ओम्नी 2019 साली बंद झाली.

दिल्ली परिसरात आता नावापेक्षा साल महत्त्वाचे झाले आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी केली. शेजारीशेजारी उभ्या, दिसायला सारख्या दोन ओम्नींपैकी एक रोज मुलांना शाळेत पोचवते, तर दुसरी परगावी विकावी लागते किंवा भंगारात जाते, ते नोंदणीच्या तारखेमुळे. हातावर पोट असलेल्या व्हॅनवाल्याला हा फरक फार महागात पडतो. नंतरच्या आदेशांनी या नियमात बदल होत आले आहेत, तेव्हा जुनी व्हॅन घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात ताजी स्थिती विचारणे बरे.

विकणारा ‘एकदम नव्यासारखी ओम्नी’ म्हणाला, तरी आर.सी. बुक मागून नोंदणीची तारीख वाचावी, पुस्तकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. काश्मिरी गेटच्या बाजारात सुटा भाग घेतानाही नुसते ‘व्हॅनचा द्या’ म्हणू नये. साल सांगावे आणि शक्य तर जुना भाग काढून सोबत न्यावा.